आधी नारळ की आधी सुपारी

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची पनवेलची एजन्सी आमच्या हिच्या थोरल्या बहिणीकडे आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ताई खांदा कॉलनीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला. जेवायला आल्या की दोन काटे एकमेकांत अडकवून, त्यात काडी खोचून पेल्याच्या काठावर तोलून ठेवणार. काटे डुलत राहतात, आमटी गार होते. एकदा मला भिंतीला टाचा टेकवून उभं केलं आणि गुडघे न वाकवता समोरचा रुमाल उचलायला लावला. मी तोंडावर. “भाऊजी, वजन पावलांच्या पुढे गेलं की माणूस पडतो,” म्हणाल्या. माझं तर लग्नानंतर लगेचच पुढे गेलेलं, त्यामुळे वाद घातला नाही.

यंदा मात्र शनिवारचा त्यांचा प्रयोगांचा तास बंद करून तिथे सराव परीक्षा घ्यायचं शाळेच्या अध्यक्षांनी ठरवलं. हे गव्हाणकडचे जमीनदार, शब्दाचे पक्के. घोषणा पालकसभेत व्हायची होती. मुलगी तिथेच शिकते, म्हणून मीही होतो. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, अध्यक्ष बोलायला उठले आणि ताईंनी त्यांच्या हातातला नारळच मागून घेतला. तबकातली सुपारी उचलली, पदर खोचून टेबलावर चढल्या आणि सगळ्यांना विचारलं, दोन्ही एकदम सोडले तर आधी काय पडेल? सभागृह म्हणालं, नारळ. मीही म्हणालो, इतकी वर्षं गार आमटी खाऊन.

दोन्ही एकदमच पडले. नारळ फुटला, पाणी अध्यक्षांच्या बुटांवर.

“मॅडम, असं नाय होत,” अध्यक्ष म्हणाले. “मना टाकू द्या.”

मुख्याध्यापकांच्या सत्काराचा नारळ घेऊन ते स्वतः टेबलावर चढले. चार शिक्षकांनी टेबल धरलं. पुन्हा एकदम. अध्यक्ष वरूनच खदखदून हसले आणि माइक मागवून म्हणाले, “शनवारचा तास ऱ्हाऊ द्या. मी पन येनार हाय.” पोरांनी बाकं बडवली, आणि मी इतक्या जोरात टाळ्या पिटल्या की शेजारच्या बाई सरकून बसल्या.

परतताना रिक्षात मी अभिनंदन केलं. खोबऱ्याचा तुकडा चघळत ताई म्हणाल्या, “तास राहिला हो. मीच राहत नाही. मेमध्ये निवृत्त होतेय.”

स्टेशनच्या वळणावर आम्ही दोघेही एका बाजूला कललो. का कललो, ते त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपणहून विचारलं.