राजूचा शेक

मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून टेबलावर येऊन पडतात. अड्याळच्या आमच्या दुकानातले बहुतेक माझा साळा आणि पार्टनर राजू याच्या कृपेचे. कुठलाही बोर्ड बिघडो, त्याच्याकडे औषध एकच. हॉट एअर गनच्या गरम हवेचा शेक! हा शेक दुकान बुडवणार, असं मी रोज ओरडतो. गिऱ्हाइकं पवनीच्या दुकानात जायला लागलीसुद्धा.

*

एका मोबाइलचं चार्जिंग बंद होतं. राजूने गनला नोझल न लावताच पूर्ण हवा सोडली. आजूबाजूचे मोहरीहून बारीक कपॅसिटर उडून गेले. मी फरशीवर गुडघे टेकून ते शोधतोय, आणि हा वरून विचारतो, "भाऊजी, एवढे बारीक, तं कामाचे असतीन का?"

*

बारीक कामासाठी मी नागपूरहून सोल्डरिंगची टोकदार टिप आणली. दुसऱ्याच दिवशी तिला डाग द्यायचं टिन चिकटेना.

"काळी पडली होती, म्हून कानस मारून देल्ली," राजू म्हणाला.

टिप ओल्या स्पंजवर पुसतात, कानशीने घासली की वरचा मुलामा जातो, हे सांगून माझं तोंड दुखलं. डोकं असं सणकलं की टिप सरळ कचऱ्यात फेकली.

"तुमाले साफसफाईबी खपत नाही," राजू पुटपुटला.

*

पार्ट उचलायचा माझा चिमटा एकदा गिऱ्हाइकाच्या तळपायात सापडला. राजू काटा काढत होता. टोक वाकलं ते वाकलंच.

"असे काहून चिडून राहिले? बोर्डाले दुखत नाही, मानसाले दुखते."

गिऱ्हाईकही त्याच्याच बाजूने.

*

आणि हा किस्सा नामदेवकाकांचा, आमच्या शेतकरी गिऱ्हाइकाचा. त्यांच्या सोलर पंपाचा कंट्रोलर बंद पडला, पाण्यावाचून धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, पिवळे पडायला लागले. मी सामान आणायला भंडाऱ्याला गेलो होतो. त्यांनी दुकानात फोन केला. राजू म्हणाला, "काही नाही काका, शेक द्या लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुपट्ट्यात बोर्ड गुंडाळून आले. मी उघडला. खालची बाजू काळी ठिक्कर, कनेक्टर वितळलेले. दुरुस्तीचं नावच नको.

"काका, हे कोणं केलं?"

"मीच. राजू म्हने शेक द्या लागते. मंग तव्यावर देल्ला. आता लवकर चालू करून दे बापा, पऱ्हे मरून राहिले."

राजूने बोर्ड माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि काकांवरच डाफरला.

"पलटवला काहून नाही?"