मी हाय

ड्युटी संपत आली होती, पाय भरून आले होते. कतारमधल्या अल खोरच्या एका क्लिनिकमध्ये मी एक्स-रे काढते. शेवटचा पेशंट कंपनीच्या बसचा ड्रायव्हर होता, खोकल्याने बेजार. रत्नागिरीकडचा निघाला, तसे आम्ही हिंदीवरून मराठीवर आलो.

"श्वास रोखा, बोलू नका," म्हणून मी काचेआड गेले. बटण दाबणार, तोच तो म्हणाला, "मी हाय." पुन्हा तेच.

मी वैतागले. "दादा, दिसताय मला."

तो ओशाळला. मग कसाबसा गप्प राहिला. फोटोत खांद्याभोवती पांढरे दाणे विखुरलेले दिसले. बंदुकीचे छर्रे.

"रानडुकराची शिकार होती," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. "जनावर उठवायला आम्ही ओरडत चाललेलो. माझा घसा बसला म्हणून जरा गप झालो. झुडूप हललं नि मोठ्या भावानं बार काढला. डुक्कर त्यानं बघितलंच नव्हतं, ताई."

"आता कसा आहे भाऊ?"

"बंदूक सोडली. रोज फोन करतो, बोलत काय नाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कानाला लावून त्याने थकल्या आवाजात सांगितलं, "मी हाय."