रोडरोलरखाली छापलेलं गाव

कायसा पेल्टो जिना उतरताना नेहमीच शेवटच्या दोन पायऱ्या गाळते. त्या सकाळी तिने जवळजवळ अख्खा जिनाच गाळला. ती दार ढकलून माझ्या बेकरीत घुसली तेव्हा माझ्या हातात वेलदोड्याच्या गोड पावांचा गरमागरम ट्रे होता. तो पडता पडता राहिला.

"डोरिना, हॉटेलवाल्यांचं उत्तर आलं! प्रत्येक खोलीत माझ्या लून पक्ष्याचं चित्र! प्रत्येक खोलीत, कळतंय का तुला?"

"कळतंय, पण आधी हा ट्रे ठेवू दे बाई, हात भाजला माझा."

ट्रे ठेवला आणि आम्ही दोघी पिठाच्या हातांनी तिथेच नाचलो. कॉफी प्यायला आलेली माणसं बघत राहिली, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते नंतर विचारलं.

कायसा माझ्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि तिथेच तिचं कामही चालतं. ती लाकूड कोरून चित्राचा ठसा करते, त्याला शाई लावते आणि हाताने फिरवायच्या छापयंत्रावर कागदावर उतरवते. पूर्वी ती खाली चौकातल्या बँकेत काउंटरवर बसायची. पगार चांगला, खुर्ची मऊ, आणि पावत्यांच्या मागच्या बाजूला सतत पक्षी, झाडं, होड्या. एका शरद ऋतूत तिने ती खुर्ची सोडली. आमच्या हॅनकॉक गावात ही बातमी पहिल्या बर्फाच्या आधी घरोघर पोचली. तिची आई एल्मा तर माझ्याकडेच भांडायला आली, जणू काही मीच पोरीला फूस लावली होती.

"चित्रं काय रविवारी काढता येत नाहीत?" एल्माने मला विचारलं. "मी नाही का रविवारी विणकाम करत?"

पहिले दोन हिवाळे कायसाला फार जड गेले. विक्री थंडावली की तिच्या डोक्यात नाही नाही ते विचार यायचे. मग ती खाली यायची आणि न सांगता माझ्या खिडकीच्या काचा पुसायला लागायची. काचा लखलखीत दिसल्या की मी समजायची, पोरगी घाबरली आहे. एकदा तर ती जुनी नोकरी परत मागायला बँकेच्या दारापर्यंत जाऊन आली. दारातूनच वळली. का वळलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आतल्या भिंतीवरचा तो कारंज्याचा फोटो दिसला. तो पुन्हा रोज बघायचा? मी आले पळत."

त्यानंतर तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. सकाळी उठल्यावर फोन बंद, आणि आधी स्वतःसाठी कोरायचं. विकेल की नाही, कुणाला आवडेल की नाही, हा विचार दुपारनंतर. "सकाळची मी आणि दुपारची मी, दोघींना एकमेकींच्या खोलीत जायची बंदी आहे," असं ती म्हणायची. त्या शिस्तीतूनच एका सकाळी लून जन्माला आला. काळापांढरा, मान वळवलेला, लाल डोळ्याचा. हा पक्षी संध्याकाळी सरोवरावर हाका घालतो तेव्हा आमचं आम्हालाही गलबलून येतं, मग उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांचं काय विचारता! कार्डं, टॉवेल, भिंतीवरची चित्रं, जिथे लून तिथे गर्दी. आणि आता तर सुपिरिअर सरोवराच्या काठाकाठाने पसरलेल्या हॉटेलांची ही ऑर्डर. एकेक लून हाताने छापलेला हवा. पहिल्या हॉटेलचे लून उन्हाळ्याच्या सुरुवातीला पोचवायचे, ते पसंत पडले की बाकीच्या सगळ्या हॉटेलांचा करार.

वसंतात ती कामाला लागली. माझ्या डोक्यावर छापयंत्राचं चाक फिरायचं आणि धप्प असा आवाज यायचा. पुन्हा चाक, पुन्हा धप्प. सकाळी धप्प, दुपारी धप्प. सुरुवातीला मी त्या तालावर कणीक मळायची. पण हळूहळू मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. सकाळचा तो पटाशीचा खरखर आवाज कुठे गेला?

एक दिवस कायसा खाली आली आणि फडकं घेऊन काचा पुसायला लागली.

"अगं, आता कसली भीती?" मी म्हटलं. "काम तर ओसंडून वाहतंय."

"डोरिना, काल रात्री मला लूनचं स्वप्न पडलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, अजून?"

मी हसले. ती हसली नाही.

"मी बँक सोडून स्वतःचीच बँक उघडली आहे," ती म्हणाली. "काउंटरच्या अलीकडेही मीच आणि पलीकडेही मीच."

 मी तिला पाव दिला. मला सुचलं नाही की मी पावच देते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच, सकाळी भट्टी पेटवत होते तर वरून खरखर आवाज! पण नेहमीसारखा बारीक नाही, कुणीतरी घर पोखरतंय असा. मी हात पुसत वर पळाले. टेबलं भिंतीला सरकवलेली, आणि अख्ख्या जमिनीवर लाकडाच्या चार मोठाल्या फळ्या एकमेकींना खेटून मांडलेल्या. मधोमध कायसा गुडघ्यावर, केसांत भुसा, गाल लाल.

"चप्पल काढ आणि बघ!"

मी चपला काढून वाकून बघितलं. टेकडीच्या उतारावरचं आमचं अख्खं गावच तिने त्या फळ्यांवर काढलं होतं! छपरांवरचं बर्फ फावड्याने लोटणारी माणसं, बर्फात अर्ध्या बुडालेल्या गाड्या, सौनाच्या वाफाळलेल्या न्हाणीघरातून उघड्या अंगाने बाहेर पळालेला कुणीतरी, खाली कालव्यावरचा उचलता पूल, आणि मधोमध माझी बेकरी.

"माझी पाटी उलटी लिहिली आहेस की!"

"छापल्यावर सुलटी होईल. घाबरू नकोस."

"पण एवढं धूड छापणार कशावर? तुझ्या यंत्रात तर यातली एक फळीही जायची नाही."

"ते नाही माहीत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की जणू ते माहीत नसणं हीच मोठी मजा होती.

नेमकं तेव्हाच खालच्या रस्त्यावर काहीतरी घरघरलं. आमच्याकडे बर्फ वितळलं की रस्त्यांना खड्डे पडतात, आणि ते बुजवायला पालिकेची गाडी येते. आम्ही दोघी खिडकीत गेलो. खाली रोडरोलर ताज्या डांबरावरून सावकाश पुढे येत होता. कायसाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

"हो!" ती किंचाळली आणि अनवाणीच जिना उतरली.

रोलर चालवणारी बर्निस टेर्वो. आडवी, दणकट बाई, वरच्या खिशात कायम सुकवलेलं मांस. कायसा हातवारे करून तिला काहीतरी सांगत होती आणि बर्निस रोलर बंद न करताच ऐकत होती. शेवटी तिने रोलर बंद केला.

"म्हणजे तू चित्रावर कापड घालणार, आणि मी त्यावरून जायचं?"

"हो, सावकाश."

"माझा रोलर याहून जोरात जातच नाही, पोरी. पण त्याला आजवर फक्त डांबराची सवय. चित्र बघून बुजला तर मला बोलायचं नाही."

जूनमध्ये आमच्याकडे युहान्नुस हा फिनिश सण असतो, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी रस्ता तसाही बंदच असतो. पालिकेनेही, रोलर धुऊन परत द्याल तर घेऊन जा, म्हणून सांगितलं. दिवस ठरला!

ही बातमी एल्माला लागली आणि ती आली. जिना चढताना प्रत्येक पायरीवर एक वाक्य.

"हॉटेलची ऑर्डर अर्धवट. आणि ही बया. रस्त्यावर. चादरी. छापणार!"

"आई, बस आधी."

"मी बसणार नाही. त्या लोकांना काय सांगणार आहेस?"

 कायसाचा हात फडक्याकडे गेलेला मी पाहिला, पण या वेळी तिने ते उचललं नाही. ती म्हणाली, "आई, चित्र माझं आहे. पण प्रत्येक वेळी चाक मीच फिरवलं पाहिजे, असं कुणी ठरवलं? मीच ठरवलं होतं. आता मीच बदलते."

आणि तिने आमच्यासमोरच हॉटेलच्या खरेदी बघणाऱ्या बाईंना, श्रीमती व्हिटकॉम्बना, स्पीकरवर फोन लावला. ती एकेक शब्द स्वच्छ बोलली. "पहिल्या हॉटेलचे लून मी कबूल केल्याप्रमाणे हाताने छापून देते. पुढचे मला जमणार नाहीत. पुढचे जवळच्या कॅल्युमेट गावातल्या छापखान्यात होतील, चांगले होतील, प्रत्येक मी तपासून देईन, आणि चित्र वापरायचं म्हणून तुम्ही मला त्याचा मोबदला द्यायचा."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "आम्हाला हाताने छापलेलेच हवे होते, मिस पेल्टो. मला विचार करावा लागेल. जूनमध्ये मी तिकडे येणारच आहे."

फोन ठेवून कायसा फळ्यांशेजारी बसली. "डोरिना, मी घालवली ऑर्डर."

"घालवलीस बहुतेक," एल्मा म्हणाली, आणि कोट काढून खुर्चीवर बसली. "आता निदान हे तरी नीट कर. छपरावरचा तो तुझा बाप आहे ना? त्याचं पोट एवढं नव्हतं."

तिथून पुढे जूनपर्यंत सकाळी खरखर आणि दुपारी धप्प. पहिल्या हॉटेलचे लून वेळेत गेले.

सणाच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की बघत राहावं. बँडवाले, मुलं, कुत्री, म्हाताऱ्या, पलीकडच्या गावातली माणसं, सगळा उतार गच्च. रस्त्यावर फळ्या मांडल्या, आम्ही सगळ्यांनी लांब दांड्यांच्या रुळांनी काळी शाई फासली, वर पांढरं सुती कापड, त्यावर जाड ब्लँकेटं. बर्निस नवी टोपी घालून आली. तिने भोंगा वाजवला, लोक ओरडले, आणि रोलर निघाला.

उचलून बघतो तो काय! कापड सरकलं होतं. अर्धं गाव काळ्या चिखलात बुडाल्यासारखं, आणि पूल दोनदा छापलेला.  मागून कुणीतरी म्हणालं, "बर्फ काळंच पडलंय यंदा."

मी कायसाकडे बघायला घाबरत होते. ती त्या कापडाकडे टक लावून बघत होती. श्रीमती व्हिटकॉम्ब गर्दीतच कुठेतरी असणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.  मग कायसाने आम्हाला पुन्हा शाई फासायला लावली, नवं कापड आणि ब्लँकेटं घातली, आणि रोलरच्या पायरीवर चढून ती मोठ्याने म्हणाली,

"कापड पळतंय! मला ते धरून ठेवायला माणसं हवीत. बूट काढा आणि कडेकडेने उभे राहा! रोलर जवळ आला की बाजूला व्हा!"

लोक एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले. मग एल्मा पुढे आली. खाली वाकून, कण्हत, तिने सणाचे बूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी कापडाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. "बघताय काय? या!"

मग काय, झुंबड उडाली! बूट उडत होते, पोरं घुसत होती, बँडचा ढोलवाला ढोलासकट उभा राहिला. बर्निस रोलर मुंगीच्या पावलाने पुढे आणत होती आणि ओरडत होती, "बाजूला व्हा रे, मला कुणाचे पाय छापायचे नाहीत!" ओळीने एकेक माणूस उडी मारून बाजूला होत गेला. रोलर पलीकडे पोचला. कायसा आणि मी कापडाची टोकं धरली आणि सोलून काढावं तसं वर उचललं.

गाव बाहेर आलं. काळंकुळकुळीत, पांढरंशुभ्र, एकही रेघ न फाटलेलं, आणि माझी पाटी सुलटी! असा गलका उठला की पुलावरच्या गाड्या थांबल्या. "हे माझं छप्पर!" "ती बघ आपली गाडी!" "सौनातून पळालेला तो कोण आहे? रॉय, तू आहेस का रे?" कायसा हसत होती आणि रडत होती आणि तिच्या नाकाला शाई लागली होती. त्या दिवशी आम्ही कापड संपेपर्यंत छापलं.

श्रीमती व्हिटकॉम्ब संध्याकाळी बेकरीत आल्या, त्यांचे मोजे काळेभोर झाले होते. त्यांनी खरं ते सांगून टाकलं: बाकीच्या हॉटेलांना हाताने छापलेलंच हवं, त्यामुळे तो मोठा करार होणार नाही. फक्त आणखी एक हॉटेल छापखान्यातले लून घ्यायला तयार आहे. कायसाने त्यांचे आभार मानले, त्यांना पाव खाऊ घातला, आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, "एक हॉटेल! डोरिना, एक हॉटेल पुष्कळ आहे!"

आणि तसंच झालं. कॅल्युमेटचा छापखाना आता लून छापतो, कायसा दुपारी जाऊन ते तपासते, त्यावर तिचा हिवाळा निभतो. सकाळी तिचा फोन माझ्या गल्ल्याशेजारी पडलेला असतो. वाजला तर मी उचलते आणि सांगते की बाईसाहेब कामात आहेत, पाव हवा असेल तर बोला. परवाच मार्केट नावाच्या सरोवराकाठच्या शहरातून फोन आला होता. त्यांनाही त्यांचं गाव रस्त्यावर छापून हवं आहे.

निरोप देऊन थोड्या वेळाने पुन्हा वर गेले तर बर्निस खुर्चीत बसून मांस चावत होती आणि कायसा जमिनीवर त्या शहराचा नकाशा पसरून भांडत होती.

"एका रोलरने होणार नाही, बर्निस! बंदर आहे, दिवे आहेत, बोटी आहेत!"

"मग दोन आणते," बर्निस म्हणाली. "पण दुसरा माझा मेव्हणा चालवतो, आणि त्याला सरळ जाता येत नाही."

"मग किनारा वाकडा कोरते!" कायसा म्हणाली आणि तिने पेन्सिल उचलली.