सुमनताईंनी दाखवलेला चेहरा

अमडापूरच्या सुमनताई टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आवाज बंद केला का सांगणाराचे डोये दिसते, भाऊ." मी स्वतः एका वाहिनीला जिल्ह्यातल्या बातम्या पाठवणारा, म्हणून नुसता हसलो.

त्या अंगणवाडी सेविका होत्या. अंगाने किरकोळ, बोलणं हळू. वजनकाट्यावर बसवलेल्या लेकराशी अशा काही बोलत राहत, की ते रडायचं विसरून जाई.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी पोलिसांनी परराज्यातून सोडवून आणली. गिरणीत काम देतो म्हणून तिला नेलं होतं आणि लग्न लावून विकलं होतं. आमच्या वाहिनीवर मात्र 'पळून गेलेली तरुणी सापडली' अशी पट्टी फिरत होती. ऑफिसातून मला निरोप आला, चेहरा झाकलेला चालेल, पण ती रडताना हवी.

मी कॅमेरा घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. मागे गल्ली जमली होती. आत ती ओढणी तोंडावर घेऊन भिंतीला चिकटली होती. मी दोनदा हाक मारली. तेवढ्यात सुमनताई आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

"तिले राहू दे. माहा चेहरा दाखव," त्या म्हणाल्या. "बावीस वर्साआधी मले बी असंच नेलं होतं. मी पयाली नव्हती. मले इकलं होतं."

हे तोवर फक्त त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं. तो गर्दीतून पुढे आला आणि त्यांच्या शेजारी बसला.

चेहरा धूसर करू का, असं मी विचारलं.

"नोको. तोंड झाकलं का लोकाइले वाटते, इनंच गुन्हा केला."

'पळून गेलेली' हा शब्द काढणार असाल तरच हे पाठवतो, असं मी ऑफिसला कळवलं. नोकरीत पहिल्यांदाच अट घातली होती. त्यांनी ती मानली.

पुढचे आठ दिवस बऱ्याच आयांनी मुलं अंगणवाडीत पाठवलीच नाहीत. सुमनताई रोज वेळेवर कुलूप उघडत आणि आलेल्या चौघांना खिचडी वाढत.

नवव्या दिवशी सोनाळ्याहून एक बाई दोन बस बदलून आली. हातात बेपत्ता लेकीचा फोटो होता. लोक 'पळाली' म्हणतील, या भीतीने तिने कुठे तक्रारच केली नव्हती. टीव्हीवरची बाई इथंच राहते का, असं विचारत ती अंगणवाडीपर्यंत पोचली. सुमनताईंनी तिला पाणी दिलं, मुलं मदतनीस बाईंकडे सोपवली आणि चपला पायात घातल्या.

"चाल बाई, ठाण्यात जाऊ."

तक्रार लिहून होईपर्यंत त्या ठाण्यातल्या बाकावरून उठल्या नाहीत. ती लेक दीड महिन्याने घरी आली. त्या दिवशी मीही सोनाळ्याला गेलो होतो. कॅमेरा नेला नव्हता.