टेनिसच्या आरोळीवर पान्हवणारी म्हैस

टेनिस खेळणाऱ्या मुली फटका मारताना ओरडतात म्हणून लोक का चिडतात, ते मला आजवर कळलेलं नाही. एवढा जीव खाऊन चेंडू हाणायचा आणि तोही तोंड मिटून, ही अपेक्षाच मुळात खाष्ट सासूची. आमच्या अमरावतीच्या घरात मुलींनी शिंकायचं तेसुद्धा ओढणीत. मोठ्यानं हसलं की आई आधी खिडकी लावून घ्यायची. नोकरीसाठी पुण्याजवळच्या मारुंजीत भाड्याच्या खोलीत एकटी राहायला आले, पगारातून टीव्ही घेतला, आणि जानेवारीतल्या एका सकाळी त्यावर ऑस्ट्रेलियात खेळणारी एक उंच मुलगी "आँऽऽह!" करून सर्व्हिस करताना दिसली. मी आवाज वाढवला. मला फार बरं वाटलं.

माझी खोली घरमालकांच्या गोठ्याला पाठ लावून बांधलेली होती. मध्ये एका विटेची भिंत, वर पत्रा. गाव विकून, बांधून, भाड्यानं देऊन झपाट्यानं बदलत होतं, पण मालकीणबाईंनी एक म्हैस ठेवली होती. मी त्यांना मावशी म्हणायची आणि मालकांना काका. ऑफिसची बस येण्याआधी मी चहा घेत टीव्ही बघायची, तेव्हाच पलीकडे मावशी धार काढायला बसायच्या. बसायच्या म्हणजे नुसत्याच बसायच्या. थंडीत रेडकू दगावलं होतं आणि तेव्हापासून म्हैस पान्हाच सोडत नव्हती. सरकी घालून झाली, पेंड घालून झाली, गोंजारून झालं. पान्ह्यासाठी सुई टोचायला मावशी तयार नव्हत्या. शेवटी काकांनी पुढच्या रविवारी व्यापाऱ्याला बोलावून टाकलं. पारडी असल्यापासून सांभाळलेली म्हैस जाणार म्हणून मावशींना जेवण जात नव्हतं.

मी आवाज वाढवला त्या सकाळी काकांनी माझं दार वाजवलं.

"मॅडम, त्या पोरीला कोन मारतंय का काय?"

मी टीव्ही दाखवला. त्यांनी कंबरेवर हात ठेवून दोन-चार फटके पाहिले.

"एवढुशा चेंडूला एवढं? आमी खताची पोती उचलताना बी वरडत न्हाई. बारीक करा जरा."

मी मुकाट्यानं आवाज बारीक केला. तोच भिंतीपलीकडून मावशी कडाडल्या, "अवं, बंद का केलं? लावा पुन्यांदा!"

म्हैस पान्हवली होती. त्या मुलीची आरोळी तिला रेडकाच्या हाकेसारखी वाटली असावी, किंवा नुसतीच आवडली असावी. आवाज थांबला तशी धार थांबली, आवाज वाढवला तशी पुन्हा सुरू झाली. काका एकदा टीव्हीकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले.

मग काय, रोज सकाळी माझा टीव्ही गोठ्याच्या सेवेत. मॅच कोण जिंकतंय याच्याशी मावशींना देणंघेणं नव्हतं, चेंडू लवकर बाहेर जाऊ नये एवढंच मागणं. एके दिवशी दोन्ही खेळाडू गप्पगप्प खेळणाऱ्या निघाल्या. "ह्या पोरी मुक्या हायेत का?" मावशी भिंतीवर बुक्क्या मारून विचारत होत्या, जसं काही त्यांना मीच निवडलं होतं.

शुक्रवारी ऐन वेळी वीज गेली. मावशींनी मला गोठ्यात बोलावून ओरडायला सांगितलं. मी सगळा जोर लावला.

"शिंक आली का गं?" मावशींनी विचारलं. म्हशीनं तर मानही वळवली नाही. मला भयंकर राग आला, आईचाही आणि स्वतःचाही.

तेवढ्यात काका पुढे झाले. इकडेतिकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि "आँऽऽह!" केलं. शेजारच्या खोल्यांतली आयटीवाली मुलं ब्रश तोंडात धरून बाहेर आली. म्हशीचे कान उभे राहिले आणि बादलीत धार वाजली.

"रोज बघतुया न्हवं," काका म्हणाले, पण त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलेलं दिसत होतं.

"आता देतीया की दूद," मावशी म्हणाल्या. "मग कशापायी इकायची?"

"शब्द दिलाय मी. आन दुभती म्हैस म्हंजे भाव बी चांगला यील."

मावशी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

व्यापारी धार बघितल्याशिवाय सौद्याचं बोलत नाही. रविवारी उजाडायच्या आत मावशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "आज लावू नगंस." मी टीव्हीची पिनच काढून ठेवली. थोड्या वेळानं काका आले, "लावा की मॅडम." मी म्हटलं, बिघडलाय. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गोठ्याकडे निघाले. मला कळेना ते इतके निवांत कसे. मग आठवलं, त्यांचा स्वतःचा गळा होता की!

मी गोठ्याकडे धावले. मोटारसायकलवरून आलेला व्यापारी दारात उभा होता. मावशी कासेखाली बसल्या होत्या, बादली कोरडी.

"भाकड हाय जनू," व्यापारी म्हणाला.

हे काकांना लागलं. त्यांनी कंबरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली. मावशींनी खालून त्यांच्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं. काका तसेच उभे, छाती फुगलेली, चेहरा लाल. मग तो सगळा श्वास त्यांनी नाकानं हळूहळू सोडून दिला.

"न्हाई देत ती," ते म्हणाले. "आन भाकडीच्या भावात मला इकायची न्हाई. चला, चहा घ्या."

फुकटची खेप झाली म्हणून कुरकुरत व्यापाऱ्यानं चहा घेतला आणि गाडीला किक मारली. काका रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"वळला का?" त्यांनी मला विचारलं.

"वळला."

"आँऽऽह!"

पत्रा हादरला. बादलीत धार वाजायला लागली आणि मावशी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून हसता हसता रडायला लागल्या.

"अवं, बास की आता," त्या म्हणाल्या. "गाव गोळा व्हईल."

"हू दे," काका म्हणाले, आणि पुन्हा ओरडले.