फुलपात्रावरचं नाव

आई गेल्यावर बाबांनी पाणी पिणं जवळजवळ सोडलंच. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल: फुलपात्रावर नाव नाही.

बाबांची सगळी नोकरी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. तिथल्या मराठी घरांत भांड्याभांड्यावर नाव घातलेलं असायचं, कारण कोणाकडे कार्य निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची. नाव नसलेलं भांडं शेजाऱ्यांचं. ते परत करायचं, आणि रिकामं कधीच द्यायचं नाही. बाबांच्या डोक्यातून माणसं पुसली जायला लागली, पण हा नियम मात्र पक्का राहिला. आईच्या स्टीलच्या फुलपात्रावरचं तिचं नाव घासून घासून गेलं होतं, जेमतेम ठिपके उरले होते. बाबांना पाणी त्यातूनच हवं असायचं. हातात दिलं की बोटांनी चाचपायचे, "हे आपलं नाही" म्हणायचे, त्यात साखर भरायचे आणि फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींना देऊन यायचे. आंटी ते परत आणून द्यायच्या, की पुन्हा तेच. दुसरा ग्लास पुढे केला तर तोंड घट्ट मिटून बसायचे. उन्हाळ्यात एकदा सलाइन लावायला न्यावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर किडन्यांची खैर नाही.

त्यात भर म्हणजे संध्याकाळी कुठल्याशा बाईच्या नावाने हाका. ते नाव आईचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. "आली का गं ती?" असं मलाच विचारायचे. खोटं कशाला सांगू, माझं डोकंच फिरायचं. आईला जाऊन दोन वर्षं नाहीत झाली आणि म्हातारपणी ही कोण बया? एकदा मी ओरडलेच, "बाबा, बस झालं हां आता!" ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गुरुग्रामच्या एका प्रयोगशाळेत लेसरवर काम करते. आमच्या लेसरची एकेक चमक इतकी क्षणिक असते की धातूला तापायलाही सवड मिळत नाही. तिच्या माऱ्याने पृष्ठभागावर केसाच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक रेघा उठतात. शाई नाही, रंग नाही, पण उजेड तिरका पडला की त्या रेघा निळ्या-जांभळ्या दिसतात. पाणी न टिकणारे पत्रे, हाडात बसवायचे स्क्रू, काय काय आम्ही असं रेघून देतो. म्हटलं, मग बापाच्या फुलपात्रानेच काय घोडं मारलंय? साहेबांची परवानगी काढली आणि शनिवारी दुपारी ते पिशवीत घालून घेऊन गेले.

आईचं नाव घालण्याआधी एक पट्टा एकसारखा करून घ्यावा म्हणून नुसत्या सरळ रेघांचा प्रोग्राम लावला. फुलपात्र सावकाश फिरत होतं. आमचा लेसर डोळ्यांना दिसत नाही, धातूवर एक पांढरा ठिपका तेवढा हलतो आणि बारीक चरचर ऐकू येते. काम संपल्यावर फुलपात्र खिडकीशी नेलं आणि थोडं कलतं केलं.

निळ्या पट्ट्यात अक्षरं होती. आईच्या नावाचे ठिपके मी ओळखले. पण त्यांच्या खालून, जरा मोठ्या अक्षरांत, दुसरंच एक नाव वर आलं होतं. फुलपात्र वळवलं की नाहीसं व्हायचं, परत वळवलं की तिथेच. बाबा हाका मारायचे तेच नाव. पुढे आडनाव आमचंच. खाली "बारसे" आणि एक तारीख, माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीची.

शेजारच्या टेबलावरची माझी सहकारीण डोकावून म्हणाली, "अरे यार, ये तो प्रोग्राम में था ही नहीं!"

का दिसलं ते मला पाठ आहे. नाव घालताना सुईच्या ठोक्यांनी आतलं स्टील दबतं, वरून पॉलिश केलं तरी तो दाब आत राहतो, आणि लेसरच्या रेघा तिथे वेगळ्या उठतात. सगळं मान्य. तरी मशीन बंद करताना माझ्या पाठीशी कोणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं, आणि मागे वळून बघायचा धीर काही झाला नाही.

नागपूरच्या मावशीला तिथूनच फोन लावला. ते नाव तिला वाचून दाखवलं.

"तुला कोणी सांगितलं गं?" ती म्हणाली. "तुझी थोरली बहीण. आठ महिन्यांची होऊन गेली. तुझ्या आईने तिच्या बारशाच्या फुलपात्रावरचं नाव घासून घेतलं, स्वतःचं घातलं. विषय काढायचा नाही म्हणून सगळ्यांना शपथ घातली होती."

आई जन्मभर त्याच फुलपात्रातून पाणी प्यायली. मला हात लावू द्यायची नाही, आणि मी तिला सोवळ्याची म्हणून चिडवायचे. मेट्रोत भर गर्दीत मी हमसून हमसून रडले.

आईचं नाव मी घातलंच नाही. घरी येऊन फुलपात्र पाण्याने भरलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाल्कनीत अजून ऊन होतं. त्यांनी ते सावकाश फिरवलं, एका जागी थांबले आणि ते नाव मोठ्यांदा वाचलं.

"आपलंच आहे ना, बाबा? घ्या ना आता पाणी."

त्यांनी फुलपात्र माझ्याकडे परत दिलं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "आधी ताईला दे. ती मोठी आहे ना."

मी खुर्चीपुढे फुलपात्र धरलं. किती वेळ धरायचं असतं ते कळेना. पण हात मागे घेववेना.

"झालं तिचं," बाबा म्हणाले. "आण इकडे." आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

आता रोज असंच चालतं. आधी मी खुर्चीपुढे फुलपात्र धरते आणि म्हणते, "ताई, घे गं."