गोड झालंय का बघ

एप्रिल लागला की आमच्या फ्रीजरमधून आधी मटारची पिशवी बाहेर पडते, मग खोबऱ्याचा डबा, मग नवऱ्याने कधीकाळी ठेवलेली आणि विसरलेली कुठलीतरी पुडी. तो सुप्याला कंपनीत असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो, आणि आल्या आल्या थंड पाण्याची बाटली शोधतो. ती त्याला मिळत नाही. तिच्या जागी स्टीलचे पेले उभे असतात आणि प्रत्येक पेल्यात पोह्याचा चमचा दांडा वर करून रोवलेला असतो. "हे घर आहे का बर्फाचा कारखाना?" असं तो दर रविवारी विचारतो. कारखाना आहे, असं मी दर रविवारी सांगते.

मला फळं गोठवायचं वेडच आहे, ते कबूल करून टाकते. मिरजगावात उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार माणूस दिसत नाही. पत्रा तापतो, शिलाई मशीनचं चाकसुद्धा हाताला चटका देतं. अशा वेळी हायवेवर कलिंगडांची ट्रॉली उभी राहिली की मला घरात बसवत नाही. दोन कलिंगडं काखोटीला मारून यायचं, कापायचं, बिया काढायच्या, गर रवीने घुसळायचा, लिंबू पिळायचं, चिमूटभर काळं मीठ, लागली तर साखर, आणि पेल्यात ओतून फ्रीजरमध्ये. चिकू असला तर तो दुधात कुस्करून. द्राक्षं नुसती धुवायची, पण पुसून अगदी कोरडी करायची, नाहीतर सगळा घड एकमेकांना चिकटून दगड होतो. तीन-चार तासांनी त्याच द्राक्षांच्या गार गोट्या झालेल्या असतात. दाताखाली फुटली की कानापर्यंत गारवा जातो. चाळिशी उलटली तरी मला त्या वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

या सगळ्याला मी गारीगार म्हणते. दुकानातले शब्द वेगळे आहेत, पण लहानपणी जीभ ज्या नावाने लाल व्हायची ते नाव मी सोडलेलं नाही.

शेजारच्या घरातली मुलगीही तेच म्हणते, कारण तिला तो शब्द मीच शिकवला. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे ती, तिची आई, वडील आणि दादी. चार वर्षांची असल्यापासून ही पोरगी उन्हाळाभर माझ्या स्वयंपाकघरात असते, आणि तिच्याकडे एकच काम आहे, चव बघायचं. गारठल्यावर फळाची गोडी उतरते, म्हणून गोठवण्याआधी ते थोडं जास्तच गोड लागायला हवं. माझ्या जिभेवर माझा विश्वास नाही, मी चहाच पाकासारखा पिते. मग मी चमचा पुढे करायचा आणि म्हणायचं, "गोड झालंय का बघ." तिने चमचा तोंडात घालायचा, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "थोडं अजून" किंवा "बास". पाच वर्षांत तिचा निकाल एकदाही चुकलेला नाही.

त्या वर्षी रमजान भर एप्रिलमध्ये आला होता. मुलीला नऊ पूर्ण झाली होती आणि तिला पहिला रोजा धरायचा होता. आधीची दोन वर्षं आईने "अजून लहान हायेस" म्हणून परतवून लावलं होतं. यंदा कशीबशी कबूल झाली, पण अट घालून. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशीच, दादीच्या नजरेसमोरून हलायचं नाही, आणि जरा जरी डोकं गरगरलं तरी तिथंच सोडायचा. आणि यंदा सुटला तर पुन्हा दोन वर्षं नाव काढायचं नाही. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी कर्जतहून तिचे मामा येणार होते, गळ्यात हार पडणार होता, आणि नवा हिरवा ड्रेस तर मीच शिवत होते. त्या पोरीने महिनाभर दुसरा विषय काढला नव्हता.

ड्रेसचं माप देताना ती म्हणाली, "मावशी, तू बी धर ना माझ्यासंगं. एकटीला लई मोठा दिवस वाटंल."

"धरते की," मी म्हणाले.

तिने मला खालून वर पाहिलं. "तुला जमंल?"

झालं. मला कुणी "जमेल का" विचारलं की माझं डोकं तिथेच फिरतं. "तुझ्याआधी जमंल," मी म्हणाले आणि टेप ओढून घेतला.

आठवड्याच्या मध्येच शाळेला एक सुट्टी आली, त्या दिवशी पहाटे दादींनी भिंतीवर थाप मारून मला उठवलं. त्यांच्याकडेच दोन घास खाल्ले, भरपूर पाणी प्याले आणि दिवस सुरू झाला. संध्याकाळसाठी गारीगार करायचं काम माझ्याकडे होतं, सगळ्या पाहुण्यांना पुरेल एवढं. मी इतकी खूश होते की उजाडल्यावर अंगणाला दोनदा सडा टाकला. दहा वाजेपर्यंत दोन कलिंगडं, डझनभर चिकू आणि दोन किलो द्राक्षं ओट्यावर हजर होती. मुलगी दादींची परवानगी काढून आली. तिने द्राक्षं एकेक करून पुसली, मी गर घुसळला, लिंबू पिळलं, साखर टाकली. आमच्या गप्पा जोरात चालल्या होत्या, हार मोगऱ्याचा असेल की गुलाबाचा यावर. मी पातेल्यात चमचा बुडवला, पुढे केला आणि म्हणाले, "गोड झालंय का बघ."

तिने चमचा तोंडात घातला. एक डोळा मिटला. "थोडं अज..."

तिथेच ती थांबली. मिटलेला डोळा उघडला, आणि दोन्ही डोळे एवढे मोठे झाले की माझ्या हातातला साखरेचा डबा ओट्यावर आपटला. ती मोरीकडे धावली, थुंकली, पण गिळायचं ते गिळून झालं होतं. मग जे रडू फुटलं ते मला ऐकवेना. "गेला माझा रोजा! मावशी, गेला!" पाच वर्षांची सवय माझ्या हाताला होती, पण अक्कल कुठे होती? ज्या रोज्यासाठी पोर दोन वर्षं थांबली तो मी एका चमच्यात घालवला होता. तिच्या आईला काय तोंड दाखवू? मला स्वतःचा असा संताप आला की मी तो चमचा खिडकीतून अंगणात भिरकावला.

रडणं ऐकून दादी आल्या. काठी टेकत, सावकाश. मी हात जोडून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दादींनी नातीला जवळ ओढलं आणि एकच विचारलं, "ध्येनात हुतं का तुझ्या, रोजा हाय म्हून?"

"न्हाई," ती हुंदके देत म्हणाली. "मी इसरलेच."

"मग रडतीस कशाला? इसरून खाल्लं तर रोजा तुटत न्हाई. वरच्यानं भरवलं समजायचं. जा, तोंड धू."

"पर गिळलं मी, दादी."

"गिळू दे. जाणून खाल्लं तर तुटतो, इसरून न्हाई." मग माझ्याकडे बघून हसल्या. "वरच्याला बी तुझाच हात सापडला व्हय गं!"

मी हसले, रडले, दोन्ही एकदम केलं. मुलीचा रोजा शाबूत होता! मी साखर थोडी वाढवली, कारण अर्धा का होईना निकाल लागला होता, आणि पेले भरून फ्रीजरचं दार लावलं. बाराला लाईट गेली. दोनपर्यंत आली नाही. मी फ्रीजला गोधडी गुंडाळली आणि दाराला हात लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही लाज वाटते. तीन वाजता मी मशीनवर बसले होते, हिरव्या ड्रेसची शेवटची शिवण घालत. पंखा गरम हवा फेकत होता. जीभ टाळ्याला चिकटली होती. मी उठले, माठावरचं झाकण काढलं आणि तांब्याभर पाणी उभ्या उभ्या प्याले. विसरून नाही. पिताना मला स्वच्छ आठवत होतं. माझा कुठे खरा रोजा आहे, मी तर फक्त सोबत करतेय, असं मनाशी म्हणत प्याले. मग तांब्या पालथा घातला, तोंड पुसलं आणि पुन्हा शिवायला बसले. भिंतीपलीकडून ती विचारत होती, "दादी, किती वाजले?" दर पाच मिनिटांनी विचारत होती.

साडेसहाला मी फ्रीजर उघडला. पेला बाहेरून पाण्याखाली धरला, चमचा धरून ओढला, आणि लालभडक गारीगार अख्खं बाहेर आलं. जमलं होतं! द्राक्षं परातीत ओतली तर गोट्यांसारखी वाजली. मी परात घेऊन जवळजवळ पळतच शेजारी गेले.

घर भरलं होतं. हार मोगऱ्याचा निघाला. हिरव्या ड्रेसमध्ये ती सतरंजीच्या मध्यभागी बसली होती, ओठ सुकलेले, डोळे नुसते चमकत होते. मशिदीतून अजान झाली. तिने खजूर तोंडात घातला, पाणी प्यायलं, आणि सगळ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मलाही हसू आवरत नव्हतं, जणू माझ्याच पोरीने गड सर केला होता.

मग तिने परातीतलं पहिलं गारीगार उचललं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "हे मावशीचं. मावशीनं बी माझ्यासंगं धरला हुता. आमी दोघींनी पुरा केला!"

मामांनी "वा, ताई!" म्हटलं. तिने गळ्यातला हार काढला आणि माझ्याकडे सरकली, माझ्या गळ्यात घालायला. मला मान पुढे करता येईना.

"थांब," मी म्हणाले. "मी तीनला पाणी प्याले."

तिचा हात हारासकट तसाच राहिला. "इसरून ना?" तिने विचारलं. तिला हो ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं.

"न्हाई गं. आठवत असताना प्याले. तांब्याभर."

तिची मान खाली गेली. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलत नाही. तिची आई म्हणाली, "राहू द्या की ताई, तुमाला सवय न्हाई." तेवढ्यात पोरीने मान वर केली. ती विचार करत होती.

"मग उद्या भरून काढ," ती म्हणाली. "दादी आजारी हुती तवा तिचे चार राहिले हुते. तिनं मागनं भरून काढले."

दादी खो खो हसल्या. मी मात्र हसले नाही. "काढते," मी म्हणाले. हार तिने परत स्वतःच्या गळ्यात घातला. गारीगार माझ्या हातात दिलं, पण ते मी रोजा सोडल्याचं म्हणून नाही, नुसतं पाहुणी म्हणून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी धरला, अगदी खरा. तिला आईने सलग दुसरा धरू दिला नाही, शाळा होती. शाळा सुटल्यावर ती आली आणि राखणीला बसल्यासारखी माठाजवळ पाट टाकून बसली. तिला तहान लागली की उठून स्वतःच्या घरी जायची, पिऊन यायची. माझ्यासमोर तिने पाण्याचा घोट घेतला नाही. तीन वाजले, चार वाजले. मी माठाकडे पाहिलं की ती माझ्याकडे पाहायची. आदल्या दिवशी उरलेल्या कलिंगडाचा गर तिने सकाळीच, शाळेला जायच्या आधी, एकटीने घुसळून एका पेल्यात लावला होता. मला ओट्याजवळही येऊ दिलं नव्हतं.

अजान झाली. तिने मला खजूर दिला, पाणी दिलं. मग तो पेला आणला, चमच्याने वरचा थर खरवडला आणि चमचा माझ्यापुढे धरला.

"गोड झालंय का बघ."

मी चमचा तोंडात घातला. साखर कमी होती, जवळजवळ नव्हतीच. माझ्या चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, "मी चाखलं न्हाई, मावशी. तू धरलेला असताना कसं चाखायचं?"

मी एक डोळा मिटला.

"थोडं अजून," मी म्हणाले. ती साखरेचा डबा आणायला उठली, तर मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तो पेला आहे तसाच खायला माझ्याकडे ओढून घेतला.